पेन्शनचं वय बदललं, काकूंना सांगितलं कुणी? ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

डिसेंबर २०२५

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात, ११ नोव्हेंबरला, कामगार आणि पेन्शन खात्याचे मंत्री पॅट मॅकफॅडन यांनी संसदेत एक निवेदन केलं. पेन्शनचं वय वाढल्याचं वेळेवर न कळवल्याबद्दल १९५०च्या दशकात जन्मलेल्या बायकांना भरपाई द्यायची नाही, हा सरकारने वर्षभरापूर्वी घेतलेला निर्णय पुन्हा तपासला जाणार आहे, असं त्यांनी जाहीर केलं. खात्याचाच २००७ सालचा एक अहवाल आधीच्या मंत्र्यांसमोर ठेवला गेला नव्हता, हे त्याचं कारण. भरपाई मिळेलच असं कुणी समजू नये, असंही त्यांनी त्याच दमात बजावलं. या बायकांसाठी लढणाऱ्या ‘वास्पी’ या संघटनेने सरकारला हायकोर्टात खेचलं होतं. सुनावणी याच महिन्यात व्हायची होती, पण त्याआधी समझोता झाला. सरकार संघटनेच्या खर्चापोटी १,८०,००० पौंड देणार आहे आणि बारा आठवड्यांत नवा निर्णय घेण्याचा प्रयत्न करणार आहे.

म्हणजे जे काही बोलायचं ते आता, फार तर फेब्रुवारीपर्यंत. म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे.

मी मिडलँड्समध्ये राहते. आठवड्यातली एक सकाळ एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसते. फॉर्म भरून देणं, आलेली पत्रं समजावून सांगणं, फोन लावून देणं हे माझं काम. समोर बसणाऱ्यांत सत्तरीच्या आसपासच्या देशी बायका खूप असतात, आणि त्यात आपल्या मराठी काकू, मावश्याही असतात. ‘वास्पी’ची स्थापना २०१५ मध्ये झाली. त्यानंतर संसदेत चर्चा झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, जांभळे झेंडे घेऊन बायका वेस्टमिन्स्टरसमोर उभ्या राहिल्या. एवढ्या काळात आपल्या कुठल्याही व्यासपीठावर मी हा विषय निघालेला ऐकला नाही. गणपती, दिवाळी पहाट, नाटकांचे दौरे, मराठी शाळा, हे सगळं तुम्ही मनापासून करता आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण या मंडळांच्या पहिल्या पंगती ज्यांनी वाढल्या, हॉलच्या स्वयंपाकघरात ज्यांनी दोनशे माणसांचा मसालेभात रांधला, त्या बायकांचा हा प्रश्न आहे.

तरुण सभासदांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. इथे १९४० पासून सरकारी पेन्शन पुरुषांना ६५ व्या आणि बायकांना ६० व्या वर्षी मिळायचं. १९९५ च्या कायद्याने ठरलं की २०१० ते २०२० या दहा वर्षांत बायकांचं वयही हळूहळू ६५ वर न्यायचं. पुढे २०१० मध्ये दोन पक्षांचं सरकार आलं. बायकांचं वय ६६ कडे न्यायला २०२० च्या आधी सुरुवात करणार नाही, असं त्यांनी आपल्या करारनाम्यात लिहून दिलं होतं. वर्षभरात कायदा झाला तो वेगळाच. नोव्हेंबर २०१८ पर्यंत ६५, आणि लगेच पुढे ऑक्टोबर २०२० पर्यंत ६६. या दुसऱ्या फेऱ्यात सुमारे २६ लाख बायका सापडल्या. त्यांतल्या तीन लाखांना पूर्ण दीड वर्ष आणखी थांबावं लागलं.

आकड्यांनी डोकं गरगरतं, म्हणून एकच जन्मतारीख घेऊ. १४ सप्टेंबर १९५४. या तारखेला जन्मलेली बाई लहानपणापासून ऐकत आली की आपलं पेन्शन साठाव्या वाढदिवसाला, म्हणजे १४ सप्टेंबर २०१४ ला. १९९५ च्या कायद्याने ती तारीख ६ मार्च २०१९ झाली. २०११ च्या कायद्याने ६ सप्टेंबर २०२० झाली. आता तिच्याहून बरोबर दोन वर्षांनी मोठी असलेली तिची बहीण घ्या. तिचं पेन्शन ६ मार्च २०१५ ला सुरू झालं. दोघींच्या वयात दोन वर्षांचं अंतर, पण पेन्शनमध्ये साडेपाच वर्षांचं. नुसतं ते शेवटचं दीड वर्ष धरलं, तरी २०१९-२० च्या आठवड्याला १६८.६० पौंड या पूर्ण दराने तेरा हजार पौंडांच्या वर रक्कम होते.

वय वाढवलं हे चूक की बरोबर, यावर कोर्टात लढाई होऊन गेली. ती दुसऱ्या एका गटाने लढली आणि २०१९ मध्ये हायकोर्टात, २०२० मध्ये अपील कोर्टात ते हरले. सुप्रीम कोर्टाने पुढे ऐकायला नकार दिला. स्त्री-पुरुषांना एकाच वयाला पेन्शन, याला ‘वास्पी’चा विरोध नाही. माझाही नाही. तक्रार आहे ती सांगितलं कधी आणि कसं, याबद्दल.

१९९५ ला कायदा झाला आणि ज्या बायकांवर त्याचा परिणाम होणार होता, त्यांना घरच्या पत्त्यावर पत्रं जायला सुरुवात झाली एप्रिल २००९ मध्ये. चौदा वर्षं गेली. मधल्या काळात पत्रकं निघाली, जाहिराती झाल्या. पण खात्याच्याच २००४ सालच्या पाहणीत दिसलं की आपलं पेन्शनचं वय साठ ते पासष्टच्या दरम्यान आहे किंवा पासष्ट आहे, हे या बायकांपैकी फक्त ४३ टक्क्यांना माहीत होतं. हे हातात असताना खातं जागचं हललं नाही. संसदेच्या ओम्बड्समनने, म्हणजे इथल्या लोकपालाने, जुलै २०२१ मध्ये निष्कर्ष दिला की हा गैरकारभार होता आणि पत्रं निदान २८ महिने आधी जायला हवी होती. मार्च २०२४ मध्ये पुढचा अहवाल आला. प्रत्येकीला १,००० ते २,९५० पौंड द्या, असं त्यात सुचवलं होतं. बुडालेलं पेन्शन परत द्या, असं त्यात म्हटलेलं नाही. आयुष्याची आखणी करायची संधी गेली, त्याबद्दल एवढी तरी रक्कम द्या, इतकंच. खातं हे ऐकणार नाही असं दिसल्यामुळे ओम्बड्समनने तो अहवाल थेट संसदेपुढे ठेवला. सहसा असं होत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये तेव्हाच्या मंत्री लिझ केंडल यांनी संसदेत गैरकारभार मान्य केला, २८ महिन्यांच्या विलंबाबद्दल माफी मागितली आणि भरपाई नाकारली. त्यांच्याच पक्षाने २०१९ च्या निवडणुकीत या बायकांना ५८ अब्ज पौंडांचं आश्वासन दिलं होतं.

नाकारण्याची कारणं नीट ऐकण्यासारखी आहेत, कारण ती आपल्या बायकांना नेमकी लागू पडत नाहीत. पहिलं कारण, २००६ पर्यंत या वयोगटातल्या नव्वद टक्के बायकांना बदल होणार हे माहीत होतं. काय माहीत होतं? कधीतरी वय वाढणार आहे, हे कानावर पडलेलं असणं वेगळं आणि माझं स्वतःचं पेन्शन ६ मार्च २०१९ ला सुरू होणार, हे कळणं वेगळं. नोकरी सोडायची की नाही, हे बाई दुसऱ्या माहितीवर ठरवते. दुसरं कारण, न मागता आलेलं पत्र चौघांपैकी एकालाच मिळाल्याचं आणि वाचल्याचं आठवतं, तेव्हा लवकर पाठवूनही फारसा फरक पडला नसता. मग पत्रं पाठवलीच कशाला? आणि पत्र पुरत नाही हे खात्याला ठाऊक होतं, तर दुसऱ्या वाटा शोधायचं काम कुणाचं होतं?

आमच्या केंद्रात कोल्हापूरकडच्या एक काकू येतात. १९५४ चाच जन्म. लग्न होऊन सत्तरच्या दशकात आल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसल्या आणि पुढे एका शाळेच्या किचनमध्ये लागल्या. २०११ मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांनी शाळेची नोकरी सोडली. हिशोब सरळ होता. तीन वर्षं साठवलेल्या पैशांवर काढायची, मग साठीला पेन्शन सुरू होईल. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या होत्या. आत पगाराच्या चिठ्ठ्या, पी-सिक्स्टी म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा कागद, चाइल्ड बेनिफिटच्या, म्हणजे मुलांमागे मिळणाऱ्या सरकारी भत्त्याच्या, जुन्या पुस्तकाची काही पानं, गॅसची बिलं आणि मधोमध एक तपकिरी खिडकीचं पाकीट. पाकीट फोडलेलं होतं. काकांनी फोडून, पेन्शनचं दिसतंय म्हणून, जपून ठेवलं होतं. पत्रावरचं साल होतं २०१२. नोकरी सुटून वर्ष झालं होतं. आणि आपल्या पेन्शनची तारीख पुढे गेली आहे हे काकूंना कळलं ते आणखी वर्षभराने, मंदिरात भेटलेल्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईकडून.

आता ते २८ महिने मोजा. हेच पत्र तेवढं आधी आलं असतं तर ते २०१० संपायच्या आत आलं असतं, काकू कामावर असताना. त्यांनी सासूबाईंसाठी दुसरी काही सोय बघितली असती, तास कमी करून घेतले असते, निदान राजीनामा तरी दिला नसता. सत्तावन्नाव्या वर्षी सोडलेली नोकरी साठीला परत मिळत नाही. त्यांनी नंतर घरी डबे करून दिले, शेजारच्या मुलांना सांभाळलं आणि सासरचे दागिने मोडले. दागिन्यांचं त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही काका बाहेर पार्किंगचं तिकीट बघायला गेले तेव्हा.

ही एकीची गोष्ट आहे, मला मान्य आहे. पण तुमच्या मंडळात अशा किती आहेत, हे तुम्ही तरी मोजलंय का? त्या पिढीतल्या पुष्कळ घरांत टपाल पुरुषच फोडायचे. इंग्रजी कागद काकांकडे, घर काकूंकडे, अशी वाटणीच होती. सरकारी पत्र काकूंच्या नावाने आलं तरी ते काकूंपर्यंत पोचतंच असं नाही. नव्वद टक्क्यांच्या त्या आकड्यात आपल्या काकू कितीशा मोजल्या गेल्या असतील, असा प्रश्न मंत्र्यांना विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

त्यात या बायकांची सुरुवातच मुळात मागून झाली होती. समान वेतनाचा कायदा इथे प्रत्यक्षात लागू झाला तो १९७५ च्या अखेरीस. अर्धवेळ काम करणाऱ्यांना कितीतरी ठिकाणी कंपनीच्या पेन्शन योजनेत घेतच नसत. १९७७ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे ज्यावर सरकारी पेन्शन ठरतं त्या पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीचा, ‘छोटा स्टॅम्प’, म्हणजे कमी दराची वर्गणी, भरायची मुभा होती. कारखान्यातल्या बाया एकमेकींना तो घ्यायला सांगत, कारण आठवड्याच्या पाकिटात चार पैसे जास्त यायचे. त्या स्टॅम्पवर स्वतःचं पेन्शन उभं राहत नाही, हे बहुतेकींना निवृत्तीच्या तोंडावर समजलं. आयुष्यभर वेगळ्या मापाने मोजलं आणि शेवटी समानता आठवली ती पेन्शनच्या वयाच्या वेळी. हे मला खटकतं, आणि खटकायलाच हवं असं मला वाटतं.

तुमच्यापैकी काहींचं म्हणणं मला आधीच ऐकू येतंय. मंडळात राजकारण नको. आपण कर भरणारे लोक, साडेदहा अब्ज पौंड आपल्याच खिशातून जाणार. आणि आता बहुतेक कार्यकारिणी २००० नंतर आयटीत आलेल्यांची आहे, हा आमचा प्रश्न नाही.

खर्चाची काळजी खोटी नाही. ओम्बड्समनने सुचवलेल्या रकमेचा अंदाज साडेतीन ते साडेदहा अब्ज आहे, आणि सगळ्यांना सरसकट कमाल रक्कम दिली तर वरचा आकडा येतो. कुणाचं किती नुकसान झालं हे बघून, कमी उत्पन्न असलेल्यांपासून सुरुवात करून योजना आखता येते. सरकारने तसं काही मांडून दाखवलंच नाही. थेट शून्य म्हटलं.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे, आणि तो आयटीवाल्यांनाच जास्त लागू आहे. हाच ओम्बड्समन व्हिसा आणि इमिग्रेशनच्या तक्रारी बघतो. इंग्लंडमधल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्याही बघतो. उद्या तुमची सेटलमेंटची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची फाइल कुणाच्या चुकीने वर्षभर पडून राहिली, तुमच्या आईच्या कॅन्सरचं निदान हॉस्पिटलच्या हलगर्जीने लांबलं, तर सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर तुम्ही तिथेच जाणार. तो तुमच्या बाजूने निकाल देईल, आणि खातं म्हणेल, हो, चूक झाली, माफ करा, पैसे मात्र देणार नाही. लाखो बायकांच्या बाबतीत हे चालून गेलं, तर एकट्यादुकट्या माणसाची काय कथा? सहा वर्षं चौकशी चालली, निष्कर्ष निघाला, सरकारने तो मान्यही केला आणि तरी पुढे काहीच झालं नाही, असं होऊ देणं हे या देशात राहणाऱ्या कुणालाच परवडणारं नाही. विशेषतः ज्यांच्यामागे मोठा वकील नाही, खासदार ओळखीचा नाही, त्यांना तर नाहीच.

आणि पेन्शनचं वय थांबलेलं नाही. पुढच्या एप्रिलपासून ते ६६ वरून ६७ कडे सरकायला लागतंय. ६ एप्रिल १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना, बायका आणि पुरुष दोघांनाही, ते लागू आहे. कार्यकारिणीत साठीच्या उंबरठ्यावरचे किती जण आहात? प्रत्येकाला स्वतःची तारीख पाठ आहे का? गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी सहज पाच-सहा जणांना विचारलं, तर दोघांनी ‘पासष्ट’ म्हणून सांगितलं.

निवृत्तीनंतर पुण्याला किंवा नाशिकला परत जायचं ठरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात राहायला गेलात की इथलं पेन्शन त्या दिवशीच्या दरावर गोठतं. दरवर्षीची वाढ मिळत नाही. अमेरिकेत किंवा फिलिपीन्समध्ये राहणाऱ्याला मिळते, भारतात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला नाही. २०१० मध्ये जुन्या पद्धतीचं पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला ९७.६५ पौंड होतं, २०२५-२६ मध्ये ते १७६.४५ झालं. तेव्हा परत गेलेल्या आजी आज कोथरूडमध्ये त्याच ९७.६५ वर आहेत. हे जाण्याआधी फार थोड्यांना माहीत असतं. भारताशी व्यापार करार झाला, तेव्हा सामाजिक सुरक्षेबद्दलही बोलणी झाली, पण ती तात्पुरत्या बदलीवर येणाऱ्यांच्या दुहेरी वर्गणीपुरती. गोठलेलं पेन्शन गोठलेलंच राहिलं. मंडळांनी एकत्र येऊन यावर कधी निवेदन दिलं असतं, तर निदान आपला आवाज त्या टेबलापर्यंत गेला असता.

आता मागणं. संक्रांत ते रथसप्तमी आपल्या बहुतेक मंडळांत हळदीकुंकू असतं. काकू, मावश्या, आज्या सगळ्या एका हॉलमध्ये येण्याचा वर्षातला तो एकमेव दिवस. त्या दिवशी अर्धा तास या विषयाला द्या. मराठीतून द्या. १९५० ते १९६० मध्ये जन्मलेल्या प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा. तुमची जन्मतारीख काय, पेन्शनची तारीख पुढे गेल्याचं तुम्हाला कधी आणि कुणाकडून कळलं, आणि ते कळण्याआधी तुम्ही कोणता निर्णय घेऊन बसला होतात. उत्तरं मराठीत असली तरी चालतील. मी आणि केंद्रातल्या दोन मैत्रिणी त्यांचं इंग्रजी करू. प्रत्येकीने ते आपल्या स्वतःच्या खासदाराला पाठवायचं, कारण मतदारसंघातल्या बाईच्या सहीचं पत्र खासदाराला मंत्र्यांकडे पुढे पाठवावंच लागतं, निदान त्याने पाठवावं अशी रीत आहे. मंडळाने आपल्या लेटरहेडवर वेगळं पत्र द्यावं. कुठल्या पक्षाचं नाव घ्यायची गरज नाही. ओम्बड्समनचा निष्कर्ष पाळा, एवढंच लिहायचं.

त्याच टेबलावर नॅशनल इन्शुरन्सचा रेकॉर्डही तपासून देऊ. १९७८ नंतर मुलं सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्या बायकांना पेन्शनमध्ये संरक्षण मिळायचं, पण मे २००० च्या आधी चाइल्ड बेनिफिट घेतलेल्या कितीतरी जणींच्या खात्यात त्या वर्षांची नोंदच झालेली नाही. सरकारने हे मान्य करून २०२३ पासून दुरुस्ती सुरू केली आहे आणि त्यासाठी अर्ज करता येतो. काकूंच्या डब्यातली चाइल्ड बेनिफिटची ती पानं टाकून न दिल्याचा उपयोग तिथेच झाला. चाइल्ड बेनिफिट त्यांच्या नावावर होतं. त्यांची काही वर्षं आम्ही परत मिळवून दिली.

ज्या मंडळांना हे जमणार आहे, त्यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवावं, म्हणजे शनिवार-रविवार वाटून घेता येतील. मला एक टेबल, चार खुर्च्या, लॅपटॉपसाठी प्लग आणि जरा आडोशाची जागा लागेल. आडोसा नक्की ठेवा. पैशाच्या गोष्टी बायका चारचौघींत बोलत नाहीत.

आपली,
मिडलँड्समधली एक सभासद